आतून धरलेला पत्रा

हे खरं घडलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. माझ्या उजव्या मनगटात डॉक्टरांनी बसवलेली लोखंडी पट्टी आहे, ती काही कुणाच्या हसण्यानं निघत नाही.

भुताखेताच्या गोष्टी अंधाऱ्या रात्री घडतात म्हणतात. ही भर दुपारी घडली. माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये, डोक्यावर पंखा फिरत असताना आणि शेजारच्या वेल्डरचा ग्राइंडर बोंबलत असताना.

मी डेंटर आहे. गाड्यांचे पोचे काढतो. उभा जन्म पत्रा ठोकण्यात गेला. सोबतीला मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला सगळे बोळा म्हणतात, कारण लहानपणापासून तोंडात बोळा कोंबल्यासारखा गप्प. पायाखाली मुंगी आली तर तिची माफी मागेल असा माणूस.

पण ही गोष्ट आम्हा म्हाताऱ्यांची नाही. माझ्या नातीची आहे. तेव्हा ती चार वर्षांची होती. खरं नाव काहीही असो, घरात ती मिरची.

जावई जहाजावर नोकरीला. वर्षातले कितीतरी महिने पाण्यावर. मुलीचं ऑफिस एका टोकाला, मिरचीचं पाळणाघर दुसऱ्या टोकाला. म्हणून गाडी घ्यायची ठरली.

"बाबा, छोटी हवी पण उंच हवी," मुलगी म्हणाली. "खड्ड्यात पोट घासायला नको आणि गल्लीत अडकायला नको."

म्हणजे कॉम्पॅक्ट एसयूव्ही. नवी झेपणारी नव्हती. जुनी बघायला आम्ही दलालाच्या मैदानात गेलो. मी, बोळा, मुलगी आणि तिच्या कडेवर मिरची.

दलालानं एक करड्या रंगाची गाडी दाखवली. "एकाच हातात होती, काका. एक बाई चालवायची. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर."

"जगातली प्रत्येक जुनी गाडी एकच बाई चालवते," मी म्हणालो. "एकदा भेटव तिला. दमली असेल बिचारी."

दलाल हसला. बोळासुद्धा हसला.

इंजिन चांगलं होतं. टायर बरे होते. खालचा सांगाडा सरळ होता. मग मी नेहमीसारखा तळहात फिरवला. बॉनेट, पुढची दारं, छप्पर. सगळं गुळगुळीत.

मागच्या डाव्या दाराशी हात थांबला.

पत्र्याला बारीक लाटा होत्या. डोळ्याला दिसत नव्हत्या, हाताला लागत होत्या.

"हे दार ठोकलंय," मी म्हणालो.

"पार्किंगच्या खांबाला घासलं होतं," दलाल म्हणाला.

बोळानं बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं. आवाज स्वच्छ आला. म्हणजे पुट्टी भरून लपवलेलं काही नव्हतं.

"बाबा, चालेल ना?" मुलीनं विचारलं.

"चालेल. ज्यानं ठोकलंय त्यानं काम बरं केलंय."

त्या दाराचं चाइल्ड लॉक लावलेलं होतं. म्हणजे ते दार आतून उघडायचं नाही, बाहेरूनच उघडायचं. खटका गंजून तिथंच अडकला होता. दलालानं तेही गुण म्हणून सांगितलं. "पोर पडायची भीतीच नाही, ताई."

मुलीनं मिरचीची छोटी सीट त्याच बाजूला बसवली.

आम्ही गाडी घरी आणली.

पहिले काही दिवस सगळं ठीक होतं. मग एका संध्याकाळी मुलगी शेडवर आली. "बाबा, कुणीतरी दाराला ठोकलं बघा."

मी बघितलं.

कुणी ठोकलं की पत्रा आत जातो. हा बाहेर आला होता. लिंबाएवढा उंचवटा. कपाळाला टेंगूळ यावं तसं दाराला टेंगूळ आलं होतं.

"मिरचीनं लाथ मारली असेल," मुलगी म्हणाली.

"तिचे पाय दारापर्यंत पोचतात तरी का?"

मी आतलं पॅड बघितलं. दाराला आतून जे प्लास्टिकचं अस्तर असतं ते. त्यावर साधा ओरखडा नव्हता. आत लोखंडी आडवी पट्टी, काचेची यंत्रणा, सगळं जागच्या जागी. या सगळ्यातून पार होऊन कुणी बाहेरच्या पत्र्याला धक्का देईल कसं?

मी टेंगूळ दाबून बसवलं.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला.

"बाबा, मिरचीच्या दंडावर वळ आहेत."

मी घरी गेलो. मिरचीनं बाही वर केली. डाव्या दंडावर निळेकाळे डाग. चार एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. कुणीतरी पकडून पिळल्यासारखे.

"कुणी धरलं गं?"

"गाडीतल्यानं," मिरची म्हणाली आणि आपल्या खेळात गुंगली.

मुलीनं ते ऐकलं नाही. ती तेव्हा चप्पल घालून पाळणाघराकडे निघाली होती. मी मिरचीला उचललं आणि मागोमाग गेलो.

तिथं मोठा तमाशा झाला. मुलीनं पाळणाघराच्या ताईंना नको नको ते ऐकवलं. ताईही काही कमी नव्हत्या.

"माझ्याकडे एवढी पोरं वाढली. एकाच्या तरी अंगाला नख लागलेलं दाखव!"

"मग हे काय आहे?"

ताईंनी मिरचीला जवळ घेतलं. अलगद आपला हात त्या वळांवर ठेवला. त्यांची बोटं त्या डागांच्या निम्म्यावर संपली.

"बाई गं," त्या हळूच म्हणाल्या, "हा पुरुषाचा पंजा आहे. तुझ्या घरात कोण आहे ते बघ आधी."

घरात पुरुष दोनच. मी आणि बोळा.

त्या रात्री जेवताना मुलीनं माझ्याकडे एकदा आणि बोळाकडे एकदा बघितलं. क्षणभरच. पण बोळाचा हात ताटात थांबला. तो उठून गेला. पुढे दोन दिवस मिरची त्याच्याकडे झेपावली तरी तो तिला घेईना.

असं विष कालवलं त्या गाडीनं आमच्या घरात.

मग मुलीनं स्वतः आवाज ऐकला.

ऑफिसमधून परतताना. मिरची मागे झोपलेली. सिग्नलला गाडी थांबली आणि...

धप.

मुलीनं आरशात बघितलं. मिरची गाढ झोपेत. पाय लोंबकळलेले.

धप... धप...

डाव्या दारातून. लाथा मारल्यासारखा आवाज. मुलगी उतरून मागे धावली. दार उघडलं. आवाज थांबला. पत्र्यावर तीन नवी टेंगळं होती. आणि मिरचीच्या दंडावरचे वळ...

ते वर सरकले होते.

दंडावरून खांद्यावर. तीच पाच बोटं.

दुसऱ्या दिवशी मुलीनं गाडी शेडमध्ये आणून लावली. "बाबा, काय करायचं ते करा. ते दार सरळ करा नाहीतर उपटून फेका. त्या आवाजानं मला वेड लागेल."

मिरचीला तिनं माझ्या बायकोकडे ठेवलं होतं. निदान सकाळी तसं म्हणाली होती.

आता आमच्या कामाची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पत्रा सरळ करायला दोन माणसं लागतात. एक आत बसतो. त्याच्या हातात डॉली असते, म्हणजे मुठीत मावणारा जड लोखंडी ठोकळा. तो ती पत्र्याच्या मागून घट्ट दाबून धरतो. दुसरा बाहेरून हातोडा मारतो. हातोडा आणि डॉली यांच्या मधे पत्रा चेपून सरळ होतो. शेजारच्या ग्राइंडरमुळे बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आमची खूण ठरलेली. आतला माणूस डॉलीनं दोनदा वाजवतो. टक टक. म्हणजे धरलंय, मार. जिथं वाजलं तिथं मारायचं. विचारायचं नाही.

सारी हयात मी आणि बोळानं असंच काम केलं. तो आत, मी बाहेर.

त्या दुपारी आम्ही दाराचं पॅड काढलं. काचेला ओरखडे पडू नयेत म्हणून तिच्यावर कागद चिकटवला. त्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं. मी मागे वळून हातोडे निवडत होतो. बोळा काहीतरी बोलला. ग्राइंडर सुरू होता. मी नुसती मान हलवली.

मागे दार लागल्याचा आवाज आला.

मी वळलो. दाराशी उकिडवा बसलो.

टक टक.

मी हातोडा मारला. पहिल्याच घावाला हाताला कळलं, डॉली छान धरली आहे. पत्रा जराही थरथरला नाही.

टक टक.

जरा खाली. मी खाली मारला.

टक टक. टक टक.

खुणा भराभर यायला लागल्या. आज बोळाला भलतीच घाई झालीय, असं मनात आलं. मीही हात चालवला. टेंगळं बसत होती. इतकं सरळ काम फार दिवसांत झालं नव्हतं. आतली पकड तर अशी की भिंतीवर ठोकतोय असं वाटावं. बोळाच्या अंगात एवढा जोर कुठून आला?

टकटकटकटकटक...

ही आमची खूण नव्हती.

मी थांबलो.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. मी वळलो.

बोळा उभा होता. एका हातात चहाचे दोन पेले.

"दाजी, एकटेच ठोकताय?" तो म्हणाला. "चहा आणतो म्हणून सांगून गेलो होतो की."

डॉली त्याच्या खिशात होती. वजनानं खिसा लोंबत होता.



"बोळा... मग आत कोण आहे?"

शेजारी ग्राइंडर बंद पडला. शेडमध्ये शांतता झाली. आणि आम्हा दोघांनाही स्वच्छ ऐकू आलं...

टक... टक...

अगदी हलके. दमलेल्या हातानं वाजवल्यासारखे.

बोळाचा चेहरा पांढराफटक पडला. "दाजी, मिरची!"

पोरीची आई तिला इथं घेऊन आली असेल? खेळता खेळता पोर आत शिरली असेल? आणि मी बाहेरून हातोड्यानं...

बोळानं पेले टाकले. दार उघडून आत झेपावला. "मिरचे! ये, इकडे ये बाळा..."

मग तो बोलायचा थांबला.

धाडकन दार लागलं.

पहिला घाव बसला तेव्हा अख्खी गाडी हलली.

दाराच्या पत्र्याला आतून टेंगूळ आलं. ताटलीएवढं. दुसरा घाव. दुसरं टेंगूळ. तिसऱ्या घावाला बोळाचा आवाज आला. बोळा ओरडताना मी जन्मात ऐकला नव्हता. आवाज ओळखायला मला वेळ लागला.

मी दार ओढलं. उघडेना. बाहेरून उघडणारं दार, आणि बाहेरून उघडेना. आतून कुणीतरी धरून ठेवलं होतं.

धप. धप. धप.

मी हातोड्यानं काच फोडली. कागद फाटला. फटीतून आत हात घातला, बोळाची कॉलर तरी मिळावी म्हणून.

कॉलर मिळाली नाही.

माझं मनगट कुणीतरी धरलं. मला हात दिसला नाही. पण पाच बोटं कळली. त्यांनी माझा हात काचेच्या चौकटीवर ठेवला, लाकूड गुडघ्यावर ठेवतात तसा, आणि खाली दाबला.

कडकन आवाज आला. डोळ्यांपुढे पांढरं झालं.

मी बोंब ठोकली. वेल्डर पहार घेऊन धावत आला. त्यानं उजव्या बाजूचं दार फोडून उघडलं आणि बोळाला पाय धरून बाहेर खेचलं. बोळाचा जबडा एका बाजूला गेला होता. कान अर्धा फाटला होता. बरगड्या आत गेल्याचं शर्टावरूनच कळत होतं. सीटवर, छताला, सगळीकडे रक्त.

वेल्डरनं पहार उगारून आत बघितलं.

आत कुणी नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये आम्ही गाडी जॅकवरून घसरली असं सांगितलं. दुसरं काय सांगणार?

मिरची माझ्या बायकोपाशीच होती. दुपारभर झोपलेली. पण तिला उठवायला गेल्यावर बायकोनं तिचा गळा बघितला. वळ खांद्यावरून मानेच्या बुडाशी आले होते. पोर गाडीत नव्हती, तरी ते सरकत होते.

संध्याकाळी मी दलालाला गाठलं. डावा हात धड होता. त्या हातानं त्याची गचांडी धरली आणि त्याला त्याच्याच टेबलावर आदळलं.

"काय आहे त्या दारात?"

"आईशपथ काका, मला माहीत नाही!" त्याच्या नाकातून रक्त आलं. "मला गाडी लिलावात मिळाली. मालक कोण होता ते कुणी सांगत नाही. ते दार मी... ते दार मी दोनदा सरळ करून घेतलं. दोनदाही परत फुगलं. मला वाटलं तुमच्याकडे गेलं तर कायमचं बसेल. तुमचा हात चांगला म्हणतात."

मी त्याला सोडला. आणखी मारून काय मिळणार होतं?

हॉस्पिटलमध्ये बोळाचा जबडा तारेनं बांधला होता. दातांच्या फटीतून तो कसंबसं बोलला.

"दाजी... आत पोर आहे."

"मिरची घरी आहे रे. बरी आहे."

त्यानं मान हलवली. "दुसरी. हाताला लागली माझ्या. एवढीशी. मी तिला ओढायला गेलो."

"मग?"

"मग त्यानं मला मारलं."

"कुणी?"

बोळानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

घरी आलो तर मुलगी रॉकेलचा डबा घेऊन बसली होती. "मी ती गाडी जाळणार."

"बोळा म्हणतो आत पोर आहे."

"माझी पोर बाहेर आहे, बाबा! तिच्या गळ्याला हात लागलाय. मला माझ्या पोरीचं पडलंय."

"म्हणूनच म्हणतो. तो जिला धरून आहे ती सुटली नाही तर ही तरी कशी सुटेल? आणि आतल्यासकट जाळलं तर मिरचीचं काय होईल, सांगता येतं का तुला?"

तिनं डबा खाली ठेवला.

सकाळी मी आणि वेल्डर शेडमध्ये गेलो. माझा हात प्लास्टरमध्ये, पट्टी अजून बसायची होती, म्हणून ग्राइंडर त्यानं धरला. मी त्याला जागा दाखवत गेलो. दाराचा बाहेरचा पत्रा कडेनं दुमडून आतल्या चौकटीला बसवलेला असतो. ती दुमड कापली की पत्रा सालासारखा सुटतो. ठोकायचं नाही, दाबायचं नाही. उघडायचं.

"मिस्त्री, हे काम संपलं की मी गावाला जाणार," वेल्डर म्हणाला. "तुम्ही पुन्हा बोलावू नका."

"नाही बोलावणार."

ठिणग्या उडत होत्या. वरची कड सुटली. बाजूची सुटली. खालची राहिली तेव्हा...

आतून वाजलं.

टक टक.

वेल्डरनं ग्राइंडर बंद केला. माझ्याकडे बघितलं. मी दाराजवळ तोंड नेलं. मिरचीला म्हणतो तेच तोंडातून आलं.

"थांब हं बाळा. झालंच."

खालची कड कापली. पत्रा सुटून जमिनीवर पडला.

माझ्या गुडघ्याजवळून काहीतरी गेलं. वारा म्हणा. पण वारा पावलं वाजवत नाही. अनवाणी, छोटी, भराभर पळणारी पावलं. शेडच्या तोंडाशी साखळी लोंबत होती, ती खालच्या टोकाला हलली. आणि मग बाहेर रस्त्यावरची माणसं, सायकली, नेहमीचा गोंगाट. त्यात ती पावलं मिसळून गेली.

आम्ही दोघं रडत होतो. का ते विचारू नका.

मग मी पडलेला पत्रा उलटा केला. आतल्या बाजूला गंज लागू नये म्हणून काळा थर असतो. त्या थरावर टाचा उमटल्या होत्या. लहान मुलाच्या टाचा. मिरचीच्या सँडलची टाच असते तेवढ्या. किती होत्या ते मोजलं नाही.

त्या टाचांच्या वर एक पंजा होता. मोठा. पाचही बोटं पत्र्यात रुतलेली, ओल्या मातीत रुतावी तशी. त्याच्या शेजारी दुसरा पंजा.

मी ज्या ज्या जागी आदल्या दिवशी घाव घातला होता, त्या जागा त्या दोन पंजांच्या बरोबर मधे होत्या.

तेव्हा मला कळलं. ती दार वाजवत होती. आमची खूण तिला कुठून ठाऊक? कोंडलेलं पोर वाजवतं तसं वाजवत होती. आणि मी तिला हातोड्यानं उत्तर देत होतो. आणि आतून त्यानं तिला माझ्या घावाखाली धरलं होतं.

हातोडा आणि डॉली यांच्या मधे पत्रा असतो. त्या दुपारी नुसता पत्रा नव्हता.

घरी फोन केला. मुलीनं उचलला. ती हसत रडत होती. मिरचीच्या गळ्यावरचे वळ गेले होते. डोळ्यांदेखत उतरले म्हणाली, पाटीवरचं पुसावं तसे.

मी खाली बसलो. मोठा श्वास घेतला. वाटलं, सुटलो.

पण ती पोर एकटीच पळाली होती. बाहेर एकाच जोडीची पावलं गेली. मग दुसरा?

त्याच सकाळी, जवळपास त्याच वेळी, हॉस्पिटलमध्ये बोळानं नर्सचं मनगट धरलं होतं. इंजेक्शन देताना. सोडेना. तीन माणसांनी त्याची बोटं उघडली. दुपारी मी गेलो तेव्हा ती नर्स मनगटाला पट्टी बांधून फिरत होती.

"तुमचा पेशंट दिसतो गरीब," ती म्हणाली, "पण पंजा काय आहे हो!"

मी बोळाकडे बघितलं. तो आपल्या हातांकडे बघत होता.

गाडी भंगारात गेली. माझ्यासमोर तिचा चुराडा करून घेतला. बोळाचा जबडा जुळला, बरगड्या जुळल्या. तो पहिल्यासारखा गप्प, पहिल्यासारखा मऊ. मीही मनाला समजावलं. औषधाच्या गुंगीत माणूस काय काय धरतो.

मग एका सकाळी आम्ही तिघं रस्ता ओलांडत होतो. मी, बोळा आणि मिरची मधे. गाड्या भरधाव येत होत्या म्हणून मिरचीनं आपणहून त्याचा हात धरला. फार दिवसांनी. बोळाचे डोळे भरून आले.

पलीकडे पोचलो.

"मामाआजोबा, सोडा," मिरची म्हणाली.

त्यानं सोडला नाही.

"सोडा ना. दुखतंय. आजोबा!"

मी बोळाकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम होता. सगळा जीव एकवटून तो आपला हात उघडायला बघत होता.

"दाजी," तो म्हणाला, "मला सोडता येत नाहीये."

मिरची किंचाळली. मी त्याची बोटं धरली. एकेक करून मागे वाकवली. शेवटचं बोट उघडेना. मी ते मोडलं. माझ्या बायकोच्या धाकट्या भावाचं बोट मी भर रस्त्यात मोडलं, आणि तो "मोडा दाजी, मोडा" म्हणत होता.

त्या दिवसापासून तो वेगळा राहतो. शहराच्या पार दुसऱ्या बाजूला. त्यानंच ठरवलं. माझ्या बायकोनं माझ्याशी महिनाभर अबोला धरला. तिला वाटतं मी तिच्या भावाला हाकललं. तिला कसं सांगू?

आता मिरची शाळेत जाते. मामाआजोबा का येत नाहीत म्हणून विचारते. काम असतं, म्हणून आम्ही सांगतो.

परवा शुक्रवारी माझा फोन वाजला. बोळा होता.

"दाजी, मी तिच्या शाळेसमोर आहे."

"तिथं काय करतोयस?"

"माहीत नाही. मी भाजी घ्यायला निघालो होतो." त्याचा श्वास लागला होता. "तुम्ही या. लवकर या."

मी होतो तसा धावलो. शाळेसमोरच्या कट्ट्यावर बोळा बसला होता. फोन मांडीवर पडलेला. दोन्ही हात त्यानं आपल्या मांड्यांखाली घातले होते आणि अंगाचं सगळं वजन त्यांच्यावर टाकलं होतं. तरी तो किंचित हलत होता. खालून कुणी उचलावं तसा.

शाळा सुटायला थोडा वेळ होता. मी त्याला रिक्षात घातलं आणि घरी पोचवलं. वाटेत तो एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी मी फोन करू शकेन का, मला सांगता येत नाही."

मुलीला अजून सांगितलेलं नाही. सांगावं तर कुणाच्या हाती बेड्या घालाव्या, हा प्रश्न. न सांगावं तर...

आज रविवार आहे. मिरची इथंच माझ्या पायाशी बसून चित्र काढते आहे.

उद्या शाळा आहे.